मेव्हण्याला जामीन राहिलो, आता माझंच होम लोन अडकलंय

प्रश्न: मेव्हण्याच्या पर्सनल लोनला जामीनदार म्हणून सही केली होती. त्याने हप्ते थकवले, मग बँकेशी सेटलमेंट करून मोकळा झाला. माझ्या सिबिलमध्ये मात्र ते लोन ‘सेटल्ड’ दिसतंय, वर 41,000 थकबाकीही. होम लोन रिजेक्ट झालं. एक एजंट आठ हजारात सगळं पुसून देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर: नका देऊ हो. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती तुम्ही घरबसल्या फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता, एजंट पण तोच ऑनलाइन फॉर्म भरणार आणि आठ हजार खिशात घालणार.

आधी मेव्हण्याकडून सेटलमेंट लेटर घ्या. सेटलमेंटचे पैसे पूर्ण भरले असतील तर ते 41,000 तिथे दिसायलाच नको, ही बँकेची चूक. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाका आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी ईमेल करा, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून काही बदलत नाही. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुम्हाला मिळायला हवेत, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे पण बँकवाले आपण होऊन सांगत नाहीत, तुम्हीच मागायचे. तरी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही आणि वकिलामार्फत तक्रार चालतही नाही, त्यामुळे माझा धंदा बुडाला पण तुमचे पैसे वाचले.

एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे रिपोर्टही काढा, वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चूक तिकडेही असू शकते.

आता ‘सेटल्ड’चं काय. ही नोंद खरी आहे, म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. सोडलेली रक्कम भरून बँकेकडून ‘क्लोज्ड’ करून घेता येतं, पण ती मेव्हण्याने भरावी, तुम्ही नाही. आणि बँक तुमच्याकडे वसुलीला आली तर लगेच घाबरून चेक देऊ नका. करार कायदा 1872 चं कलम 128 म्हणतं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, पण कलम 135 प्रमाणे बँकेने तुमच्या संमतीशिवाय कर्जदाराशी तडजोड केली तर जामीनदार सुटतो. मात्र बऱ्याच बँका जामीनपत्रातच हा हक्क सोडल्याचं बारीक अक्षरात लिहून घेतात, तुम्ही सही केलेल्या कागदाची कॉपी मागवा आणि ते कलम शोधा, माझं उत्तर त्यावर बदलेल.

तोवर दुसऱ्या चार बँकांत अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. स्वतःचा स्कोर कितीही वेळा बघा, त्याने काही कमी होत नाही.