बेरियम सेरेटची (बेरियम-सेरियमचं ऑक्साइड) पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, हवेत ठेवली की काही दिवसांत भुगा होते, बेरियम झिरकोनेट (सेरियमच्या जागी झिरकोनियम) घेतलं तर भाजून घट्टच होत नाही. मग प्रोटॉन कंडक्टर (प्रोटॉन वाहून नेणारं सिरॅमिक) बनवायचा तरी कशाचा?

भावा, दोन्ही मिसळ. सेरेटमधून प्रोटॉन मस्त पळतात, पण कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचं बेरियम कार्बोनेट आणि सेरियम ऑक्साइड होतं, आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर वाफ पण त्याला खातेच, त्यामुळं पेलेट डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेव. झिरकोनेट टिकाऊ आहे पण ते भाजून घट्ट व्हायला १६०० ते १७०० डिग्री लागतात, शिरोलीच्या फाउंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओततात त्याच्याही वर, आणि तेवढ्यात बेरियम उडून जातं, मग ग्रेन बाउंड्रीवर (कणांच्या सांध्यांवर) प्रोटॉन अडकतात. खरं दुखणं हेच आहे. म्हणून यिट्रियम डोप केलेलं (थोडं यिट्रियम घातलेलं) सेरेट-झिरकोनेट मिश्रण घे, झिरकोनियम जास्त ठेव, थोडी कंडक्टिव्हिटी गेली तरी चालेल, टिकणारी पेलेट हातात येणं जास्त महत्त्वाचं.

भाजताना १-२ टक्के निकेल ऑक्साइड घाल, त्यानं मधेच थोडा लिक्विड फेज (वितळलेला भाग) होतो आणि १४००-१५०० डिग्रीला काम होतं. झिंक ऑक्साइडनं तर १३०० च्या आसपास पण होतं. पण हात आखडूनच घाल, जास्तीचं निकेल स्फटिकाच्या जाळीत शिरून प्रोटॉन धरायची ताकदच कमी करतं.

आणि पेलेट त्याच कंपोझिशनच्या पावडरीत पुरून भाज, बेरियम टिकतं. ॲल्युमिनाला (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या भांड्याला) थेट टेकवू नकोस, बेरियम त्याच्याशी रिॲक्ट होतं.