नोकरी सोडवत नाही आणि करवतही नाही

"मॅडम, नोकरी सोडवत नाही आणि करवतही नाही." २०२० च्या टाळेबंदीनंतर हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की समोरच्याने पहिले चार शब्द उच्चारले की पुढचे मला कळतात. बोलणारे बहुतेक तिशीच्या आगेमागे, पदवीधर, पंधरा ते पंचवीस हजारांत राबणारे. घरचे म्हणतात, "आहे ती टिकव, बाहेर काय चाललंय बघ." मित्र म्हणतात, "सोडून दे रे." या दोन्ही सल्ल्यांच्या मध्ये माणूस नुसता कुढत बसतो. अशा सगळ्यांसाठी सुहासची गोष्ट सांगते आहे, त्याच्या परवानगीने. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुहास एकतीस वर्षांचा, बीकॉम. भांडुपला आईसोबत राहतो, वडील काही वर्षांपूर्वी गेले. आधी एका ट्रॅव्हल कंपनीत अकाउंट्सला होता. टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि बऱ्याच महिन्यांनी मरोळला एका मालवाहतूक कंपनीत बिलांच्या एन्ट्रीचं काम मिळालं. पगार सगळा मिळून १९,५००.

"घाटकोपरला मेट्रोत चढताना रोज वाटतं, परत फिरावं," तो पहिल्या भेटीत म्हणाला.

"मग का फिरत नाही?"

"घर कोण चालवणार?"

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही एक निर्णय घेता."

"निर्णय कसला मॅडम, नाइलाज आहे."

मी तिथे वाद घातला नाही. नोकरीचं बाजूला ठेवून उरलेल्या आठवड्याबद्दल विचारलं. मित्रांच्या लग्नांना जाणं त्याने बंद केलं होतं, कारण तिथे कुणीतरी पगार विचारतं. गणेशोत्सव मंडळात जाणं सोडलं होतं. स्वतःच्या लग्नाचा विषय घरात काढायचा नाही, अशी आईला ताकीद होती. आईला पंढरपूरला न्यायचंही राहून गेलं होतं. प्रत्येक गोष्टीला उत्तर एकच: "चांगली नोकरी लागली की बघू." मी त्याला ही सगळी यादी कागदावर उतरवायला सांगितली. कागद बराच भरला. बराच वेळ त्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, मी तिथे नोकरी करतच नाहीये. मी वाट बघतोय."

पुढच्या काही भेटींत वडिलांचा विषय निघाला. ते लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यातल्या असंख्य घरांचं पुढे काय झालं हे मुंबईला माहीत आहे. सुहासचे वडील तेव्हा ऐन तारुण्यात होते. गिरणीची नोकरी परत मिळालीच नाही. मिळेल ते करत शेवटी एका सोसायटीत वॉचमन झाले आणि निवृत्तीपर्यंत तेच राहिले.

"त्यांना कमीपणा वाटायचा?"

"नसेल असं कसं म्हणू? पण घरात कधी दिसला नाही."

"आणि लोक त्यांना काय म्हणून ओळखायचे?"

सुहास थांबला. मग त्याचा आवाजच बदलला. "पखवाजवाले नाना. आमच्याकडे त्यांना वॉचमन कुणी म्हणालंच नाही. गुरुवारी भजनाला नाना आले नाहीत तर भजन सुरू व्हायचं नाही."

त्यानंतर तो रडला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले. डोळे पुसून तो स्वतःच म्हणाला, "मी माझं सगळंच त्या मरोळच्या खुर्चीवर टांगून ठेवलंय." मला जे त्याच्यापर्यंत पोहोचवायचं होतं ते त्याचं त्यालाच सापडलं. माझ्या कामातला सर्वात मोठा आनंद मला अशा वेळी मिळतो.

ज्या विचारांवर मी काम करते त्यांत मारी याहोदा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. १९३० च्या आसपासच्या मंदीत ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली. याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. बेकार झालेल्यांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. याहोदा पुढे म्हणाल्या की नोकरी पगारापलीकडे पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, एकत्र मिळून काही केल्याची भावना, समाजात ओळख आणि हातांना नियमित काम.

हेच पाच रकाने मी सुहासला दिले. दिवसाला आकार होता. हाताला काम होतं. माणसंही होती, डबा खाताना दोघा-तिघांशी त्याचं छान जमायचं. ओळख आणि एकत्र काही केल्याची भावना, हे दोन रकाने कोरे राहिले. ते मरोळला भरणार नव्हते. मग त्याने मंडळाचा जमाखर्च हाती घेतला. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचे असतात आणि मंडळात ते नीट कुणालाच येत नव्हतं. वर्षभरात तो खजिनदार झाला.

पगाराचा रकाना मात्र मी कधीच मनावर सोडत नाही. सुहासची पगाराची स्लिप आम्ही दोघांनी मिळून वाचली. २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची राज्य विमा योजना, लागू होते. त्याचे महिन्याला दीडशेच्या आत कापले जात होते, आणि आईच्या मधुमेहाची औषधं तो खिशातून आणत होता! अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्यात उपचार मिळतात. मुंबईत परळ, मुलुंड, कांदिवलीला त्यांची रुग्णालयं आहेत. तुमचीही स्लिप वाचा. पीएफ कापला जात असेल तर तो खात्यात खरंच भरला जातो का, हे पासबुकात बघत राहा.

कंपनी पगार थकवत असेल, कापलेला पीएफ भरत नसेल, तर मन शांत ठेवण्याचे उपाय माझ्याकडे मागू नका. पीएफ कार्यालयात, कामगार आयुक्तालयात तक्रार करा. "समाधानी राहा" हा सल्ला अशा माणसाला देणं मला अन्यायाचं वाटतं.

मंदीच्या दिवसांत दुसऱ्या नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. शोधासाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवून ठेवा. रात्री एक वाजता मोबाइलवर जाहिराती चाळणं हा शोध नव्हे, ते स्वतःला टोचून घेणं आहे. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

सुहास अजून मरोळलाच आहे. मध्यंतरी भिवंडीला २३,००० ची नोकरी चालून आली होती. त्याने प्रवासाचा खर्च आणि ईएसआयसीची मर्यादा ओलांडल्याने आईचे बंद होणारे उपचार धरून हिशेब मांडला आणि नकार कळवला. शोध चालू आहे. पुढची मुलाखत विक्रोळीला, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आहे, आणि या वेळी बायोडेटात त्याने मंडळाच्या खजिनदारपदाचा अनुभवही लिहिला आहे.