आमचं पोळी-भाजी केंद्र गूगलवर वर कसं येईल?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत मी आणि माझी जाऊ मिळून पोळी-भाजी केंद्र चालवतो, सहा वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते सगळं एकमेकांकडून ऐकून. गूगलवर 'पोळी भाजी केंद्र' टाकलं की मॅपखाली तीन दुसरीच दुकानं येतात, त्यातलं एक तर आमच्या नंतरचं. आमचं लिस्टिंग भाच्याने केव्हातरी बनवलं होतं. आता एका एजन्सीवाल्याचे फोन येतायत, महिना आठ हजार द्या, तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी. आम्हाला हजार-दीड हजारापेक्षा जास्त झेपणार नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आठ हजार अजिबात देऊ नका. मॅपच्या त्या यादीत वर आणायचे गूगल कोणाकडूनच पैसे घेत नाही, जाहिरात वेगळी आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं, त्यामुळे पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊच शकत नाही. दुकानाचं प्रोफाइल, म्हणजे तुम्ही म्हणता ते लिस्टिंग, फुकट आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं काम तुम्ही दोघी दुपारच्या रिकाम्या वेळात फोनवर करू शकता.

पहिलं म्हणजे ते लिस्टिंग कोणाच्या जीमेलवर आहे ते भाच्याला विचारा. माझ्या मावसभावाच्या चष्म्याच्या दुकानाचं प्रोफाइल एका एजन्सीने स्वतःच्याच जीमेलवर काढलं होतं, पैसे थांबवल्यावर ते फोनच उचलेनात आणि याला स्वतःच्या दुकानाची वेळसुद्धा बदलता येईना. मालकी तुमच्या जीमेलवर हवी, मदत करणाऱ्याला फार तर मॅनेजर करा. पासवर्ड हरवला असेल तर प्रोफाइलवरूनच मालकीसाठी रिक्वेस्ट टाकता येते, जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात.

आता वर-खाली कसं ठरतं ते. गूगल स्वतःच तीन गोष्टी सांगतं, माणूस जे शोधतोय त्याच्याशी तुमचं दुकान किती जुळतं, त्याच्यापासून ते किती लांब आहे, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. यातलं अंतर आपल्या हातात नाही, फडके रोडवर उभं राहून शोधणाऱ्याला तिथली दुकानं आधी दिसणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. म्हणूनच दुकानात बसून स्वतःच्या फोनवर शोधून बघण्यात अर्थ नाही, दोन-तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या घरून शोधायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा, मग खरं चित्र कळेल.

जुळण्याचं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि मला वाटतं तुमची गाडी इथेच अडलीये. प्रोफाइलमध्ये मुख्य कॅटेगरी काय आहे ते बघा. घाईत बनवलेल्या लिस्टिंगमध्ये किराणा दुकान नाहीतर नुसतं 'रेस्टॉरंट' असं काहीतरी पडलेलं असतं, मग डबा शोधणाऱ्याला गूगल तुम्हाला कशाला दाखवेल? ती तीन दुकानं उघडा, नावाखाली त्यांची कॅटेगरी लिहिलेली असते, त्यातली तुमच्या कामाला सगळ्यात जवळची मुख्य म्हणून लावा, शिवाय आणखी नऊपर्यंत जोडता येतात पण जे खरंच करता तेवढ्याच जोडा. नाव मात्र पाटीवर आहे तेच ठेवा. पुढे 'बेस्ट टिफिन डोंबिवली' वगैरे चिकटवणं नियमात बसत नाही, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, आणि सहा वर्षांचं नाव असं घालवायचं का? दुसऱ्या कोणी तसं केलं असेल तर त्याच्या लिस्टिंगवर 'सजेस्ट अ‍ॅन एडिट' दाबून खरं नाव सुचवता येतं.

वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात, तिथे लोक तुम्हाला फोनवर जे विचारतात तेच लिहा, घडीच्या पोळ्या सुट्ट्या मिळतात का, ज्वारीची भाकरी कोणत्या वारी असते, डबा घरपोच देता का. मेन्यू आणि दर टाका. फोटो दिवसाच्या उजेडात स्वतः काढा, एक गल्लीच्या तोंडापासून दुकान दिसेल असा हवाच, आतल्या गल्लीतलं दुकान शोधताना माणूस वैतागून परत जातो. फोन नंबर आणि पत्ता जस्टडायल, फेसबुक, जिथे जिथे असेल तिथे एकसारखा करा.

रिव्ह्यू. सहा वर्षांची गिऱ्हाइकं आहेत तुमच्याकडे, फक्त मागायला संकोच वाटतो ना? प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, त्याची छापील पट्टी काउंटरवर लावा, शे-दोनशे रुपयांत होईल, आणि महिन्याचा डबा लावणाऱ्यांना लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, रोज एकदोघांनाच. बदल्यात गुलाबजाम किंवा सूट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे, आणि विकतचे रिव्ह्यू तर नकोतच. आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. कोणी लिहिलं की भाजी खारट होती, तर कोणत्या दिवशीची ते विचारा आणि चूक असेल तर सरळ मान्य करा, वाचणारे ते उत्तरच जास्त लक्ष देऊन वाचतात.

उरलेले पैसे लगेच खर्च करू नका. पूर्वी गूगल प्रोफाइलसोबत छोटी वेबसाइट फुकट द्यायचं, ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं, पण तुमच्या धंद्याला आत्ता तिच्यावाचून अडत नाही. दोन-तीन महिन्यांनी प्रोफाइलचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, किती जणांनी कॉल केला, रस्ता किती जणांनी विचारला, सगळं त्यात दिसतं. 'उकडीचे मोदक' शोधून लोक येत असतील तर गणपतीच्या तीन आठवडे आधीच मोदकांचा फोटो, २१ मोदकांचा दर, ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते पोस्ट करा आणि सणाच्या वेळा प्रोफाइलमधल्या 'स्पेशल अवर्स', म्हणजे खास दिवसांच्या वेळांच्या रकान्यात भरा, कारण चतुर्थीच्या सकाळी तुम्ही दोघी पिठात हात घालून बसलेल्या असणार, तेव्हा फोन उचलायला कोण आहे?