बाबांच्या पासबुकातले दहा-दहा हजार

प्रश्न : माझे वडील 82 वर्षांचे आहेत, सांगलीत राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ब्युरोतून एक मावशी 24 तासांसाठी ठेवल्या. मी ठाण्याला असते, नोकरीमुळे दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं. परवा पासबुक भरून आणलं तर 3, 4 आणि 5 तारखेला एटीएममधून दहा-दहा हजार काढलेले. बाबा खुब्याच्या ऑपरेशननंतर पाडव्यापासून जिना उतरलेले नाहीत. आईच्या पाटल्याही कपाटात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "मीच दिल्या." वर म्हणाले, "घरही तिच्या नावावर करणार आहे, तुम्ही कुठं येताय?" मावशींना काही बोललात तर जेवणार नाही, अशी धमकी. पोलिसांत जाऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, त्या तीन नोंदी मी दोनदा वाचल्या. बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी पेन्शनच्या काउंटरवर. औषधासाठी पैसे काढणारा म्हातारा माणूस अडीच हजार काढतो, फार तर चार, आणि मग पंधरा दिवस फिरकत नाही. पेन्शन जमा झाल्या झाल्या सलग तीन दिवस दहा-दहा हजार, हे घरखर्चाचं काढणं नव्हे. तरी चोरीच झाली असं मी इथे बसून म्हणणार नाही. मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली असेल, बाबांनी राजीखुशीने दिली असेल. पैसा त्यांचा आहे, तो कुणाला द्यायचा हेही तेच ठरवणार. प्रश्न एवढाच आहे की ते मनापासून देतायत की भिऊन.

माझ्या काउंटरवर एक काका यायचे. सोबत सांभाळायला ठेवलेला मुलगा, काकांचा कोपर धरलेला. मी काकांना विचारावं आणि उत्तर त्यानं द्यावं. एकदा पन्नास हजारांची स्लिप आली. सही काकांची, पण रक्कम दुसऱ्याच अक्षरात. मी त्या मुलाला झेरॉक्स आणायला पाठवलं आणि काकांना आत बोलावून पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून ते हळूच म्हणाले, "बाई, मी नाही म्हटलं तर रात्री लघवीला कोण नेईल मला?" त्या दिवशी ते पैसे मी दिले नाहीत. पण काकांचा प्रश्न खराच होता, आणि त्याचं उत्तर बँकेकडे नव्हतं.

तुमच्या बाबांची "जेवणार नाही" ही धमकी मला तशीच वाटते. त्यांना मावशींचा राग येत नाही, त्या निघून जातील याची धास्ती वाटते. म्हणून पहिलं काम पोलीस नाही. पहिलं काम, दुसऱ्या माणसाची सोय तयार ठेवणं. आठ-दहा दिवस रजा काढा किंवा कुणा मावसबहिणीला बोलवा. ती सोय नसताना मावशींना जाब विचारलात तर हाल बाबांचे होतील.

मग कार्ड. बाबांना फोनवरून बँकेला सांगून ते बंद करायला लावा. "नवीन कार्ड यायचंय" एवढंच कारण पुरे. पिन आपण होऊन दिला असेल तर आधी गेलेले पैसे बँक भरून देत नाही. पण कळवल्यानंतर काही गेलं तर ती जबाबदारी बँकेची, हे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. सत्तरीपुढच्यांना रोकड घरपोच देण्याची सोय बँकांनी करावी, हेही रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी सांगितलंय, शाखेत विचारा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे तो आजच्या आज बघा. मी नोकरीत असताना अशा प्रकरणात तो नंबर सांभाळणाऱ्याचाच निघालेला पाहिलाय. नॉमिनीही तपासा.

घराचं मात्र फार जपून. बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याला देऊन टाकल्याचा कागद, दुय्यम निबंधकाकडे एका सकाळीत होऊन जातं. काही झालंय का ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून कळतं. "सांभाळीन" या अटीवर घर लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण असतं, तिथे बाबांनीच अर्ज करायचा, अंगात ताकद नसेल तर त्यांनी नेमलेल्या माणसानं. पण ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. त्यापेक्षा बाबांना सांगा, मावशींना काही द्यावंसं वाटतंय ना, तर मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदार लागतात, जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं आणि तोवर घर बाबांच्याच नावावर राहतं. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण दोन वर्षं त्यांना उठवून बसवलंय कुणी, हेही विसरू नका.

पाटल्यांचं तेवढं मला टोचतंय. बाईचे दागिने पुरुष सहजासहजी देत नाही, त्यातून बायको गेलेला तर नाहीच. बाबा "मीच दिल्या" म्हणताहेत तोवर पोलीसही काही करू शकणार नाहीत. ते "नाही दिल्या" म्हणाले, तर घरात कामाला असलेल्या माणसानं केलेली चोरी हा भारतीय न्याय संहितेत वेगळा, जड गुन्हा आहे. तक्रार लगेच द्या. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी क्रमांक आहे.

शनिवारी जाल तेव्हा मावशींना अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या, पगार न कापता. बाबांना चहा करून द्या, शेजारी बसा. पैशांचं काढूच नका. एवढंच विचारा, "रात्री उठायचं झालं तर काय करता हो?" ते काय सांगतात ते मला लिहून कळवा.