आठ दिवस कोंडून ठेवायचा बेत आधी मोडा

पत्र, थोडक्यात: “वय ३६, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, घरी विड्या वळते. मिस्टर यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. १२ वर्षं दारू पितात, आता दिवसाला तीन क्वार्टर. कामावर जायच्या वेळी हात इतके कापतात की तुटलेला धागा गाठता येत नाही, म्हणून नव्वद मिली मारूनच निघतात. तीनदा सिद्धेश्वराच्या देवळात शपथ घ्यायला लावली, तीनदा मोडली. मागच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, बंद करून घरी बसले, तर दुसऱ्या दिवशी फिट आल्यासारखं केलं आणि तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसले. मुंग्या नव्हत्याच. दीर म्हणाले, नाटकं आहेत. शेवटी मीच क्वार्टर आणून दिली, तासाभरात गप्प. यंदा संक्रांतीला पुन्हा शपथ घालून आठ दिवस माडीवरच्या खोलीत कोंडायचं ठरलंय. तेही तयार आहेत. पण पुन्हा मोडली तर मी माहेरी निघून जाऊ का?”

ताई, माहेरी जायचं की नाही हे एक-दोन महिन्यांनी विचारा, तेव्हा सांगेन. मी अडकलेय त्या मुंग्यांपाशी. तुम्ही दोन ओळींत उरकलंत आणि पुढे गेलात.

ते नाटक नव्हतं. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर उपाय म्हणून आपला वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम तोडली की तो वेग मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना नसलेलं दिसायला लागतं, किडे, मुंग्या, माणसं. आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. तुम्ही लिहिलेला क्रम जवळपास हाच आहे. क्वार्टर पोटात गेल्यावर ते शांत झाले, कारण खवळलेल्या मेंदूला हवं ते मिळालं. ज्याला एकदा फिट आली, भास झाले, त्याला पुढच्या खेपेला पुन्हा होण्याचा, जास्त जोराने होण्याचा धोका असतो. आणि या वेळी तुम्ही बाहेरून कडी लावणार आहात.

मला राग आलाय, तो लपवत नाही. १२ वर्षं तुम्ही काय काय ओढलं असेल ते मला कळतं, तरी आज मी त्यांच्या बाजूने बोलणार. एवढं भोगून जो माणूस पुन्हा कोंडून घ्यायला तयार आहे, त्याला सोडायचीच नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? पाळीवर जायच्या आधीची ती नव्वदही मजेची नाही. धागा गाठता यावा म्हणून आहे.

खोली नको, शपथ नको. येत्या दोन दिवसांत त्यांना सिव्हिलला न्या. पीत असताना न्या, आधी बंद करायला लावून नको. सिव्हिल म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, मानसोपचाराची ओपीडी तिथे आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. दीर म्हणतील, वेड्यांच्या ओपीडीत कशाला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूचं व्यसनही उपचाराच्या हक्कात धरलंय, एवढं त्यांना ऐकवा आणि रिक्षात बसा.

भरती केलं तर लोराझेपामसारखं औषध देतात, सुरुवातीला जास्त, मग रोज कमी करत साधारण आठवडाभरात बंद. त्याने फिट आणि भास आवरतात. थायमिनची, म्हणजे बी-१ची इंजेक्शनं देतात, कारण फार पिणाऱ्याच्या अंगात ते उरत नाही आणि त्यावाचून स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. खरं काम त्यानंतरचं: तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेटच्या गोळ्या, समुपदेशन, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एकत्र बैठका. त्या फुकट असतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, तिथे तुम्ही जायचं. मध्ये कधी पुन्हा प्यायले तर देवळात न नेता परत त्याच डॉक्टरकडे न्यायचं.

आणखी एक. कुणी भाजीत मिसळायची पावडर आणून दिली तर फेकून द्या. असल्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असलं आणि त्यावर दारू गेली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

जाण्याआधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, मराठीत बोलतात, व्यसनासाठी १४४४६. दोन्हीला पैसे पडत नाहीत. आणि त्याआधीच हात जोरात कापायला लागले, फिट आली किंवा भास झाले, तर कुणाला विचारत बसू नका, १०८ लावा.

डॉक्टरसमोर बसल्यावर पगाराचं, शपथांचं नंतर सांगा. पहिलं वाक्य हे असू द्या: “मागच्या वेळी दारू बंद केल्यावर यांना दुसऱ्या दिवशी फिट आली होती आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या.” शेवटची दारू किती वाजता घेतली तेही सांगा.