ज्याचं त्याचं पोट

या महिन्यात खरवसावर तीन पत्रं आली, तिन्हींचा अर्थ साधारण एकच. त्यातलं ठाण्याच्या एका ताईंचं पत्र घेऊन सुरुवात करते.

प्रश्न : आमच्या घरात कुणी मांसाहार करत नाही. दर पंधरा दिवसांनी दूधवाले दादा चीक आणून देतात आणि मी खरवस करते. परवा धाकटीने विचारलं, "आई, हे वासराच्या तोंडचं नाही का गं?" मला उत्तर देता आलं नाही. खरवस सोडून द्यावा का?

उत्तर : ताई, मुलीने नेमकं विचारलंय. पण चीक कितव्या दिवसाचा आणि कुठल्या गोठ्यातला, हे कळल्याशिवाय मला हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

माणसाचं मूल आईच्या पोटातूनच रोगाशी लढायची थोडी शिदोरी घेऊन येतं. गाईम्हशींच्या वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, ती शिदोरी वासरापर्यंत पोचत नाही. वासरू जमिनीवर पडतं तेव्हा या बाबतीत रिकाम्या हातानेच आलेलं असतं. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही लगेच. त्याची आतडी ही संरक्षक प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घेतात, पण ती दारं जेमतेम 24 तास उघडी असतात आणि तासागणिक मिटत जातात. म्हणून जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पहिली पाजणी व्हायला हवी आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर.

आता तुमच्या खरवसाकडे बघा. चिकात काही न घालता तो नुसत्या वाफेवर घट्ट होतो, तो मुख्यतः याच प्रथिनांमुळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चीक पातळ होत जातो, खरवस नीट धरत नाही. म्हणून गिऱ्हाईकाला पहिल्या दिवसाचा हवा असतो आणि त्यालाच जास्त पैसे पडतात. वासराला जो चीक सगळ्यात जास्त लागतो, नेमका तोच बाजारालाही लागतो.

त्यात एक जुनी समजूत भर घालते. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, असं अजूनही कित्येक गोठ्यांत मानतात. वार पडायला आठ-दहा तासही लागतात. जत तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीला असताना एका रात्री गाय अडली म्हणून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा गाय व्यायलेली होती, वासरू पोत्यावर थरथरत होतं आणि घरातल्या आजी कासेसमोर बसून राहिल्या होत्या. "वार पडू दे बाई, मग सोडू त्याला." मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं, आजी, वासरू कासेला ढुसण्या देतं तेव्हा गाईच्या अंगात जे सुटतं त्याने पान्हाही येतो आणि पिशवीही आकसते, उलट वार लवकर पडायला मदतच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतः उठून वासरू उचललं आणि कासेला लावलं. त्याच्या शेपटीची ती वळवळ सुरू झाली ना, की डॉक्टरच्या जिवात जीव येतो.

आणखी एक गोष्ट सांगायला मला जड जातं, पण मुलीला खरं उत्तर द्यायचं असेल तर ती तुम्हाला माहीत हवी. संकरित गाईचा खोंड आणि म्हशीचा रेडा आज शेतात कुणाला नको असतो. कालवडीला चीक मिळतो, खोंडाला उरलासुरला मिळतो किंवा मिळतही नाही. कुणी त्याला मारत नाही. तो आठवड्या-दोन आठवड्यांत हगवणीने जातो आणि लोक म्हणतात, नशीब त्याचं. मी अशा गोठ्यात उभी राहिलेय जिथे मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे धरायचे, तिने पान्हा सोडावा म्हणून. ती त्याला चाटत होती.

म्हणून तुमच्या दूधवाले दादांना तीन गोष्टी विचारा. चीक कितव्या धारेचा आहे, वासराला किती पाजला, आणि वासरू कालवड आहे की खोंड. चांगला गोठेवाला या प्रश्नांनी रागावत नाही, उलट सांगत सुटतो. संकरित गाय वासराला पुरून उरेल इतका चीक बहुतेक वेळा देते. त्या उरलेल्याचा, दुसऱ्या दिवसापासूनचा खरवस मीही खाते, वर्षातून एखाददुसऱ्यांदा, शेजारची गाय व्याली की. पातळ असतो, पण चमच्याने खाता येतो, वेलदोडा-जायफळ घातलं की छान लागतो. दर पंधरा दिवसांनी ठरवून मागवणं मात्र बंद करा. गाय आपल्या वेळेने विते, आणि बांधलेलं गिऱ्हाईक असलं की पहिली धार वासराकडे न जाता किटलीत जाते.

प्रश्न : मी दहावीत आहे, साताऱ्याला राहते. आमच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांचं मांजर आहे. आजी माळकरी आहे, त्यामुळे घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजर दूधभात आणि वरणभातच खातं. हल्ली ते दाराच्या चौकटीला धडकतं आणि उजेडातही त्याचे डोळे मोठे काळे दिसतात. आजी म्हणते, सवय लावली की प्राणीसुद्धा शाकाहारी होतात. खरं का?

उत्तर : बाळा, आधी एक काम कर. हे वाचून झालं की आजच मांजराला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ते काय खातं हे त्यांना अगदी असंच सांग.

मी स्वतः माळकरी घरातली आहे. वडिलांनी चाळीस वर्षं पंढरीची वारी केली, आमच्या चुलीवर कधी मांस शिजलं नाही आणि मीही कधी खाल्लं नाही. त्यामुळे तुझ्या आजीचं मन मला कळतं. पण मांजराच्या शरीराची गोष्ट वेगळी आहे. टॉरीन नावाचं एक द्रव्य असतं. माणूस आणि बहुतेक कुत्री ते आपल्या शरीरात तयार करतात. मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, त्याला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं. डाळीतांदळात नसतं, दुधात अगदी नावापुरतं. ते कमी पडत गेलं की डोळ्याचा आतला पडदा मरत जातो आणि हृदयाचा स्नायू पातळ, ढिला होतो. या हृदयरोगाचं मूळ टॉरीनच्या कमतरतेत आहे हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर मांजराच्या तयार खाद्यात टॉरीन वाढवलं गेलं. 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच आहे. आपण गाजर खाऊन भागवतो, मांजराला गाजरातून ते बनवता येत नाही.

तुझ्या मांजराला काय झालंय हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये, मीही सांगत नाही. पण तू लिहिलेल्या दोन्ही खुणा डोळ्याच्या पडद्याकडे बोट दाखवतात. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र वाचवता येते, आणि हृदय वेळेत सापडलं तर पुष्कळदा सुधारतं.

आजी म्हणतील, आमच्या लहानपणी मांजरं दूधभातावरच वाढली. आमच्याकडेही असंच होतं. आई रोज संध्याकाळी करवंटीत दूधभात घालायची आणि मनी तो चाटूनपुसून खायची. पण रात्रभर ती कडब्याच्या गंजीवर असायची. सकाळी गंजीखाली उंदराची शेपटी, कधी सरड्याचं डोकं सापडायचं. तिचं खरं जेवण तिथं व्हायचं. तुझं मांजर फ्लॅटमध्ये राहतं, त्याला उंदीर कुठून मिळणार?

आजींपुढे एक तोड मांड. दुकानात मांजराचं कोरडं खाद्य मिळतं, ते शिजवावं लागत नाही. एक डबा आणि एक वाटी बाल्कनीत वेगळी ठेव, घालणं-धुणं सगळं तू कर. आजींच्या स्वयंपाकघराचा आणि त्याचा संबंध येणार नाही. दूधभात हळूहळू कमी कर. मोठ्या मांजरांना दूध पुष्कळदा पचतच नाही. वरणभातात कांदा-लसणाची फोडणी असेल तर तो आजपासून बंद, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आजी, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही सांगते. गळ्यात माळ तुमच्या आहे, ती त्या मुक्या जिवाने घातलेली नाही. तुम्ही त्याला घरात घेतलंत, त्याची शिकार सुटली. आता त्याच्या पोटाला लागतं ते आपणच द्यायला हवं. माझ्या वडिलांनीही हे मानलं असतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलचं वेष्टण प्राण्यांपासून करतात असं कळलं. मी कट्टर शाकाहारी आहे. औषध बंद करू का? (एक ज्येष्ठ वाचक, बार्शी)

उत्तर : औषध बंद करू नका, काका. कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, हे खरं. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेली वेष्टणंही मिळतात. खाण्याच्या पुड्यावर असतो तसा हिरवा ठिपका औषधावर मिळेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनाच सांगा. बऱ्याच औषधांची साधी गोळी किंवा पातळ औषध असतं. आणि इतकी वर्षं शाकाहारी आहात तर बी-12 तपासून घ्या. त्याची गोळी जिवाणू वाढवून केलेल्या बी-12ची असते, त्यात तुम्हाला अडचण वाटायचं कारण नाही.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. गावाकडे, वाळवा तालुक्यात, आमची एक बैलजोडी आहे. गेल्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, रात्री एका बैलाने रवंथ सोडली, दुसऱ्या दिवशी तो बसला तो उठेना. सलाईन लावल्यावर वाचला. लोक म्हणाले, नजर लागली. काय झालं असेल?

उत्तर : दादा, मिरवणुकीत तो किती दारांत थांबला ते आठवून बघा. प्रत्येक दारात ओवाळणी आणि प्रत्येक दारात पुरणपोळी. मला यात नजर वाटत नाही, पोटातलं आम्ल वाटतं.

बैलाचं मोठं पोट म्हणजे वैरण मुरवायचा रांजण. त्यातले जिवाणू कडब्याच्या, गवताच्या सवयीचे असतात. त्यांच्यावर एकदम पाच-सहा किलो डाळ, गूळ आणि कणीक येऊन पडली की दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात, आम्ल तयार होतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि पोट हलायचं थांबतं. बेंदूर-पोळ्याच्या रात्री मी कधी लवकर झोपले नाही, कारण बोलावणी यायचीच. बैलाच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायची. निरोगी बैलाचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा लाट आल्यासारखं मुठीला वर ढकलतं. त्या रात्री मूठ तशीच राहायची आणि आत पाण्याने भरलेल्या पखालीसारखं डुचमळायचं. शेण पातळ, आंबूस वासाचं. बैल दात खातोय, आणि त्याच्या कपाळावर कुंकू तसंच.

यंदा नैवेद्याची एकच पोळी द्या, घरची. बाकीच्या दारांत ओवाळून घ्या आणि पोळ्या शिदोरीत बांधून आणा, माणसं खातील. मिरवणुकीला नेण्याआधी त्याला पोटभर वैरण घाला, भुकेला नेऊ नका. रवंथ थांबलीच तर बांबूच्या नळकांड्याने तेल-काढा ओतत बसू नका. घशाखाली जायचं ते फुफ्फुसात जातं आणि मग काही हाती राहत नाही. तडक डॉक्टरांना बोलवा.

शिंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. शिंगं साळून गुळगुळीत करायची आणि त्यावर ऑइलपेंट द्यायचा, हे थांबवा. शिंगाचा कर्करोग आपल्याकडे बैलांत बघायला मिळतो आणि वरचेवर साळणं-रंगवणं हे त्याच्या कारणांत धरलं जातं. मी अशी शिंगं मुळापासून कापलीत. आतला तो वास आणि करवत चालताना बैलाने टाकलेला सुस्कारा मी विसरू शकत नाही. गेरू लावा, शेंब्या घाला, गोंडे बांधा. बैल तेवढाच देखणा दिसेल.

आदल्या दिवशी खांदेमळणी मात्र अगदी सावकाश करा. हळद आणि तूप हाताला लावून जू बसतं तिथे बोटं फिरवा. गाठ, गरम जागा, केस गेलेला डाग लागला तर तो बैल आठ दिवस जुवाखाली घालायचा नाही. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं आपण त्याच्या कानात सांगतो. त्याच्या जेवणात हिरवी मका, कडब्याची कुट्टी, गार पाणी आणि ती एक पोळी एवढं ठेवा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भकाळीवर मूठ ठेवून बघा आणि मला दोन ओळी लिहून कळवा. मी वाट बघते.