दोन इंचांत राजमुद्रा मावते का?

या महिन्यात टॅटूविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली असून, पहिल्या पत्रात इतर अनेकांच्या शंका एकत्र आल्या असल्यामुळे त्याचे उत्तर जरा लांबले आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. माझ्या अंगावर आजवर एकही टॅटू नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा मनगटाच्या आतल्या बाजूस, साधारण दोन इंच रुंदीत काढून घ्यावी, असे माझ्या मनात आहे. गेले दोन महिने मी निरनिराळ्या आर्टिस्टांची संकेतस्थळे पाहत आहे आणि चार स्टुडिओंत प्रत्यक्ष जाऊनही आलो आहे. त्यावरून माझी काही मते बनली आहेत. ज्याच्या संकेतस्थळावर शेकड्यांनी चित्रे आहेत तो अनुभवी असणार आणि ज्याने जेमतेम वीस-पंचवीस ठेवली आहेत त्याच्याकडे काम कमी असणार, असे मला वाटते. मोठ्या रस्त्यावरचा वातानुकूलित स्टुडिओ घरातल्या खोलीत काम करणाऱ्यापेक्षा सुरक्षित वाटतो. दर सगळेच चौरस इंचावर सांगतात. मग सुई आणि शाई तीच असताना एकाने ५०० रुपये व दुसऱ्याने १,२०० रुपये का मागावेत, हे कळत नाही. चौथ्या ठिकाणच्या आर्टिस्टने तर दोन इंचांत राजमुद्रा काढण्यास सरळ नकार दिला. किमान चार इंच आकार घ्या आणि मनगट सोडून दंडावर काढा, असे त्याचे म्हणणे. आकार वाढवून पैसे वाढवण्याचाच हा प्रकार नव्हे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटची तक्रार आधी घेतो, कारण चारही स्टुडिओंपैकी ज्याच्यावर तुम्ही रुष्ट आहात, त्याच्याकडेच तुम्ही परत जावे असे माझे मत आहे.

‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ हा अनुष्टुभ छंदातील श्लोक आहे. म्हणजे त्यात ३२ अक्षरे आहेत, आणि त्यांतही च्चं, ष्णु, र्वि, श्व, स्यै, द्रा अशी जोडाक्षरे ठासून भरलेली आहेत. दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर. अष्टकोनाच्या दुहेरी चौकटीला आणि तिच्या आतल्या मोकळ्या जागेला एक सेंटीमीटर सोडला, तर मजकुराला चार सेंटीमीटर उरतात. श्लोक सहा ओळींत मांडला, तर एका ओळीच्या वाट्याला साडेसहा मिलिमीटर येतात आणि त्यातच वरची वेलांटी, रफार, खालचा उकार व दोन ओळींमधले अंतर बसवायचे असते. मूळ अक्षराला राहिले तीन मिलिमीटर, फार तर साडेतीन.

कागदावर तीन मिलिमीटरचे अक्षर सुबक छापता येते; कातडीवर मात्र शाई जागची हलते. सुई शाई सोडते ती वरच्या थराखालच्या जिवंत थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल. तेथे शरीरातील रोगप्रतिकारक पेशी ते रंगकण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो; पण या पेशी मरतात, नव्या येतात, तेच कण पुन्हा उचलतात आणि या उलाढालीत वर्षागणिक रेघ थोडी थोडी जाड होत जाते. ‘ष’मधली तिरकी रेघ, ‘द्र’च्या पोटातली पोकळी, ‘श्व’मधला सांधा हे सगळे पाच-सात वर्षांत एकमेकांत मिसळते आणि मुद्रेच्या जागी अष्टकोनी डाग उरतो. मी स्वतः टॅटू काढताना मूळ अक्षराची उंची सहा-सात मिलिमीटरच्या खाली नेत नाही. चार इंचांत ते जमते. मनगटाच्या आतल्या बाजूची सपाट जागा मात्र साधारण दोन इंचच असते, म्हणून दंडाचा सल्ला. हिशेब इतका साधा आहे, आणि तुम्हाला तो पाच मिनिटांत समजावून न सांगता नुसता नकार दिला असेल, तर तेवढा दोष त्या आर्टिस्टच्या पदरी जरूर घालावा. बाकीच्या तिघांनी दोन इंचांना होकार दिला, ही गोष्ट मला अधिक खटकते.

आता संकेतस्थळांविषयी. चित्रांच्या संख्येवरून अनुभव मोजण्याची चूक बहुतेक नवखे लोक करतात. संकेतस्थळावरील जवळजवळ प्रत्येक छायाचित्र काम संपल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काढलेले असते. त्या वेळी वरच्या थरातही शाई असते, कातडी ताणलेली आणि किंचित सुजलेली असते, त्यामुळे काळा रंग गर्द व पांढरा रंग लख्ख दिसतो. दोन-तीन आठवड्यांत खपली जाऊन वरचा थर बदलतो आणि महिना-दीड महिन्याने जे उरते तो तुमचा टॅटू. म्हणून ज्याने पंचवीसच चित्रे ठेवली, पण त्यांतील आठ-दहांखाली ‘सहा महिन्यांनंतर’, ‘दोन वर्षांनंतर’ असे लिहून बरे झालेले काम दाखवले, त्याचे संकेतस्थळ पाचशे ताज्या चित्रांपेक्षा वजनदार समजावे. असे काम तेथे नसेल, तर स्टुडिओत जाऊन मागावे. जुना आर्टिस्ट असेल तर त्याच्या मोबाईलमध्ये ते असतेच, आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या किंवा साहाय्यकाच्या हातावरही असते.

चित्रे त्याचीच आहेत का, हेही तपासावे. परदेशी आर्टिस्टांची कामे उचलून आपल्या पानावर लावण्याची खोड आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. गूगल लेन्सवर चित्र टाकले की ते आणखी कोठे आहे हे सहसा कळते. त्याहून सोपी खूण म्हणजे कातडीचा रंग. पुण्यात काम करणाऱ्या माणसाच्या संकेतस्थळावर सगळे हात गोरेपान आणि लालसर असतील, तर शंका घ्यावी. याचा संबंध निव्वळ चोरीशी नाही. शाईवर आपल्या कातडीतील मेलॅनिन या रंगद्रव्याचा थर असतो, म्हणजे आपण टॅटू तपकिरी काचेतून पाहत असतो. त्यामुळे पिवळा, फिका गुलाबी, पांढरा हे रंग गव्हाळ व सावळ्या अंगावर पुढे जवळजवळ नाहीसे होतात किंवा मळकट दिसतात. सावळ्या कातडीवरचे बरे झालेले काम ज्याने दाखवलेच नाही, त्याच्या रंगांच्या आश्वासनावर विसंबू नये.

तुमच्यासारख्यांनी देवनागरीची कामे वेगळी पाहावीत. इंग्रजी अक्षरे सफाईने काढणारे पुष्कळ असतात. मजकूर संगणकावर डकवताना काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले अक्षर उघडे पडते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही तो तेच स्टेन्सिलवर (कातडीवर आधी उमटवायच्या नमुन्यावर) उतरवतो. संकेतस्थळावर श्लोक किंवा नावे असतील तर मोठी करून अक्षरन्‌अक्षर वाचा. सुई लागण्यापूर्वी स्टेन्सिल कातडीवर उमटवले की तेही स्वतः वाचा, आणि बरोबर मराठी चांगले असलेला एखादा मित्र न्या. आरशात वाचू नका. आरशात ते उलटे दिसते आणि ऐन वेळी माणूस घाबरतो. (हे विनोदाने लिहिलेले नाही.)

स्टुडिओ चकचकीत असण्याचा आणि सुरक्षित असण्याचा संबंध तुम्ही समजता तितका घट्ट नाही. घरातल्या खोलीत काम करणारे काही जण अत्यंत काटेकोर असतात आणि मोठ्या रस्त्यावरच्या काही ठिकाणी हातमोजे घालूनच मोबाईल उचलला जातो. पाहायचे ते इतकेच : सुईचे कार्ट्रिज तुमच्यासमोर पाकिटातून फोडले का, आणि पाकिटावर निर्जंतुकीकरणाची मुदत आहे का, मशीन, वायर, दिव्याचा दांडा यांवर नवे प्लास्टिक चढवले का, शाई छोट्या टोपणात ओतून घेतली व उरलेली फेकली का, वापरलेली सुई टोचू न शकणाऱ्या डब्यात गेली का. पुन्हा वापरायची धातूची पकड असेल, तर ऑटोक्लेव्ह कोठे आहे ते विचारावे. त्यात १२१ अंश सेल्सियस तापमानाच्या दाबाखालील वाफेत साहित्य पंधरा-वीस मिनिटे ठेवलेले असते. निळ्या दिव्याची पेटी दाखवून कोणी ‘हेच आमचे स्टरलायझर’ म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. ती पेटी ठेवणीसाठी आहे. शाईच्या बाटलीवर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असावी. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. ते निकष पाळल्याचा उल्लेख बाटलीवर असल्यास चांगलेच.

दराबद्दल थोडक्यात. इंचाचा दर हा कापडाचा दर झाला. एका चौरस इंचात तीन जाड रेघा असू शकतात किंवा चेहऱ्याचा डोळा असू शकतो, म्हणून अनुभवी लोक आराखडा पाहून संपूर्ण कामाची रक्कम सांगतात. दोन महिन्यांनंतरचे टच-अप (फिक्या राहिलेल्या जागा पुन्हा भरणे) त्या रकमेत आहे का, हे आधी विचारावे.

आणखी एक. चांगला आर्टिस्ट तुम्हाला प्रश्न विचारतो : मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, जखमेचे व्रण फुगतात का, आणि नोकरी कोणती. सातारा-कोल्हापूरकडची सैन्यभरतीची तयारी करणारी मुले हौसेने दंडावर गोंदवून येतात. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीनुसार मिळणारी सवलत सोडली, तर सैन्याला कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस. तुमच्या बाबतीत हा प्रश्न नाही, पण चारपैकी किती जणांनी तो विचारला, ते आठवून पाहा.

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या नातवाने गावच्या जत्रेत १०० रुपये देऊन हातावर नाव गोंदवून घेतले. माझ्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन आणि हनुवटीवर ठिपके होते, तिला कधी काही झाले नाही. मग मुलाचे आई-वडील एवढे का घाबरले आहेत?
— निवृत्त शिक्षिका, जिल्हा कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मातोश्रींना काही झाले नाही हे खरे, परंतु त्या काळी कोणाला कशामुळे कावीळ झाली याचा शोध घेणारेही कोणी नव्हते. जत्रेतल्या पालात एकच सुई आणि शाईची एकच वाटी दिवसभर फिरत असेल, तर हिपॅटायटिस ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही यांचा धोका असतो. त्यांपैकी ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. गोंदवून काही दिवसच झाले असतील तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, कारण ‘बी’ची लस घेतलेली नसल्यास ती लगेच सुरू करण्यात अर्थ असतो, एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध तर ७२ तासांच्या आतच सुरू करावे लागते. ते दिवस उलटून गेले असले, तरी रक्ततपासणी किती दिवसांनी आणि कितीदा करायची हे डॉक्टर सांगतील. नातू रक्तदान करत असेल तर त्याला वर्षभर थांबावे लागेल, आणि रक्तपेढीत विचारल्यावर त्याने ही गोष्ट लपवू नये. त्याला रागावू नका. तो पुढचा टॅटू काढणारच आहे, तेव्हा वर लिहिलेला मजकूर त्याला वाचायला द्या.

प्रश्न : मी नाशिकमधील एका स्टुडिओत दीड वर्ष शिकत आहे. आता स्वतःचे संकेतस्थळ करायचे आहे, पण दाखवण्याजोगी कामे तीसच आहेत. संख्या वाढवण्यासाठी गुरूंच्या स्टुडिओतील चित्रे वापरली तर चालतील का?
— एक शिकाऊ कलाकार

उत्तर : चालणार नाहीत, गुरूंनी परवानगी दिली तरीही, कारण ग्राहक ते पाहून तुमच्याकडे येईल आणि सुई तुमच्या हातात असेल. तीसपैकी बारा निवडा. सराव सिलिकॉनच्या कातडीवर केलेला असेल, तर तसे स्पष्ट लिहून त्याचे दोन नमुने ठेवा. चित्रे खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा, चमक टाळण्यासाठी हात थोडा तिरपा धरा आणि नंतर गडदपणा वाढवू नका. लाली दिसली तरी दिसू द्या. ज्यांची कामे केलीत त्या सगळ्यांना आजच फोन करून दोन महिन्यांनी भेटायला बोलवा, टच-अप फुकट करून द्या आणि त्याच वेळी बरे झालेल्या कामाचे छायाचित्र घ्या. अंगाचे छायाचित्र लावण्यापूर्वी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, आणि टॅटूत कोणाचे नाव वा जन्मतारीख असेल तर ते दाखवायचे का, हे पुन्हा विचारावे. किती वर्षे काम करता तेही पहिल्याच पानावर लिहा. ‘दीड वर्ष’ वाचून काही लोक परत जातील, पण जे येतील ते लहान आणि सोपी कामे घेऊन येतील, आणि सध्या तुम्हाला तीच हवी आहेत.